कोर्टाची बातमी, तुमची अब्रू आणि एका वर्षाची मुदत

कोर्टाच्या बातमीत नाव आलं की माणूस आधी गप्प होतो. नातेवाइकांचे फोन उचलत नाही, सोसायटीच्या मीटिंगला जात नाही, थोडे दिवस गेले की लोक विसरतील अशी आशा धरून बसतो. छापील वर्तमानपत्रांच्या काळात लोक विसरायचेही. आता मुलीसाठी स्थळ बघणारे, कर्ज देणारी बँक, नोकरीवर घेणारी कंपनी, सगळेच आधी इंटरनेटवर नाव टाकून बघतात. निर्दोष सुटल्याला चार वर्षं झाली असली तरी सगळ्यात वर येते ती अटकेचीच बातमी.

या गप्प बसण्याची मोठी किंमत म्हणजे मुदत. १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे छापील किंवा लेखी मजकुराने झालेल्या अब्रूनुकसानीच्या भरपाईचा दावा तो मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात दाखल करावा लागतो. हे वर्ष बातमीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही सुटलात त्या तारखेपासून नाही. भरपाई मागायची असेल तर इतर सगळ्या सल्ल्यांच्या आधी ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बातमी वेबसाइटवर आजही दिसते आहे, मग रोज नवी बदनामी होत नाही का, असं अनेकांना वाटतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३मध्ये हा युक्तिवाद नाकारला. मजकूर इंटरनेटवर पडून राहिला म्हणून रोज नव्याने मुदत सुरू होत नाही, ती पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्या दिवसापासून मोजायची, असं त्या निकालाने म्हटलं. महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नसला, तरी समोरचा वकील तो पहिल्याच तारखेला पुढे ठेवणार हे गृहीत धरा. दुसऱ्या पोर्टलने नंतर तीच बातमी उचलली, किंवा मूळ पोर्टलनेच मजकूर बदलून नव्या मथळ्याखाली पुन्हा टाकली, तर त्या नव्या प्रसिद्धीची मुदत वेगळी मोजण्याचा आग्रह धरता येतो. जुनी बातमी फेसबुकवर कुणीतरी पुन्हा शेअर केली, एवढ्यावर मात्र विसंबू नका.

यातून एक कठोर परिणाम निघतो, आणि मला तो अन्यायकारक वाटतो. आपल्याकडे फौजदारी खटला वर्षभरात क्वचित संपतो. म्हणजे अटकेच्या वेळी खोटी बातमी आली असेल, तर खटला चालू असताना, डोक्यावर आरोप असतानाच भरपाईचा दावा लावावा लागतो. ‘आधी निर्दोष सुटतो, मग बघतो’ म्हणणाऱ्याच्या हातून हा दावा निसटतो. दावा दाखल केल्यावर फौजदारी निकालाची वाट बघता येते, पण दाखल तर वेळेत व्हायला हवा.

बातमी शेजारी रोजनामा ठेवा

आता मूळ प्रश्न. कोर्टात जे घडलं ते प्रामाणिकपणे सांगणाऱ्या बातमीबद्दल भरपाई मिळत नाही, मग तिने तुमचं कितीही नुकसान होवो. न्यायदान उघड्यावर चालतं आणि ते लोकांना कळलं पाहिजे, म्हणून कायदा अशा वार्तांकनाला संरक्षण देतो. फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम ४९९मध्ये होता तसाच, अपवाद आहे: न्यायालयीन कामकाजाचा किंवा त्याच्या निकालाचा बऱ्याच अंशी खरा वृत्तान्त ही बदनामी नव्हे. ‘बऱ्याच अंशी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तारीख एका दिवसाने चुकली किंवा वकिलाचं आडनाव चुकलं, एवढ्यावर दावा उभा राहत नाही. दिवाणी दाव्यात मजकूर खरा असणं हाच पुरा बचाव ठरतो.

न्यायाधीश सुनावणीत जे तोंडी बोलतात आणि आदेशात लिहीत नाहीत, तेही छापता येतं. २०२१मध्ये निवडणूक आयोगाने मद्रास उच्च न्यायालयाच्या तोंडी ताशेऱ्यांच्या वार्तांकनाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा ते वार्तांकन रोखायला न्यायालयाने नकार दिला. त्यामुळे ‘आदेशात तर असं काहीच नाही’ ही तक्रार एकटी पुरत नाही.

मग दावा कुठे उभा राहतो? कोर्टात घडलेलं आणि छापलेलं यांत अंतर पडतं तिथे. ते अंतर मोजण्यासाठी वकिलाकडे जाण्याआधीच कागद जमवा: त्या तारखेचा रोजनामा (कोर्टाने ठेवलेली त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद), आदेशाची प्रमाणित नक्कल, एफआयआर, दोषारोपपत्र, जामिनाचा आदेश. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याचा सीएनआर क्रमांक टाकला की बऱ्याच गोष्टी घरबसल्या दिसतात, पण दाव्यासाठी नक्कल खात्यातून प्रमाणित प्रत काढाच. मग बातमीतलं प्रत्येक वाक्य घ्या आणि ते कोणत्या कागदातून आलं ते शोधा.

समजा, सांगलीतल्या एका पतसंस्थेच्या माजी लेखापालाविरुद्ध अपहाराचा गुन्हा आहे. जामीन अर्जाला विरोध करताना सरकारी वकिलाने त्याला ‘सूत्रधार’ म्हटलं आणि बातमीत ‘सूत्रधार असल्याचा सरकारी पक्षाचा दावा’ असं आलं, तर काही करता येणार नाही. मथळा ‘पतसंस्था लुटणाऱ्या सूत्रधाराला कोर्टाचा दणका’ असा आला, तर आरोप आणि निष्कर्ष यांतली रेघ पुसली गेली. बातमीत पुढे ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ त्याच्या बायकोच्या नावावर तीन फ्लॅट असल्याचं आलं आणि कोर्टाच्या एकाही कागदात ते नसेल, तर तो भाग कोर्टाचा वृत्तान्तच नाही. त्याला वृत्तान्ताचं संरक्षण नाही. दावा लढवायचा तर या तिसऱ्या प्रकारच्या वाक्यांवर. मथळ्यावरही लढता येतं, पण न्यायालय मथळा आणि मजकूर एकत्र वाचतं हे लक्षात ठेवा.

माझ्या मते सगळ्यात भक्कम दावा उभा राहतो तो चुकीच्या माणसाचा. महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण पुण्याचं आहे. सप्टेंबर २००८मध्ये टाइम्स नाऊ वाहिनीने गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत न्या. पी. के. सामंता यांच्याऐवजी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं छायाचित्र दाखवलं. ते पडद्यावर काही सेकंदच होतं. सावंतांनी पुण्यात दावा लावला आणि २०११मध्ये जिल्हा न्यायालयाने १०० कोटी रुपयांच्या भरपाईचा निकाल दिला. अपिलात स्थगितीसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २० कोटी जमा करायला आणि ८० कोटींची बँक हमी द्यायला सांगितलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात ढवळाढवळ केली नाही. या आकड्यावरून स्वतःचा हिशेब मात्र करू नका. देशभर ओळखला जाणारा निवृत्त न्यायमूर्ती आणि तालुक्याचा दुकानदार यांच्या दाव्यात रकमा एका मापाच्या नसतात, आणि एवढी रक्कम आपल्याकडे अपवादच. पण समान नाव, चुकीचा फोटो, दुसऱ्याच आरोपीचा पत्ता या चुका तुमच्या बाबतीत झाल्या असतील, तर तुमची बाजू सुरुवातीपासूनच मजबूत आहे.

आणखी एक भेद आधीच करून घ्या. गुन्हाच खोटा होता, पण बातमीने त्याची माहिती बरोबर दिली, असं असेल तर तुमचा दावा बातमीदाराविरुद्ध नाही, खोटी फिर्याद देणाऱ्याविरुद्ध आहे. द्वेषबुद्धीने चालवलेल्या खटल्याबद्दल भरपाईचा दावा वेगळा असतो आणि त्याचं एक वर्ष निर्दोष सुटल्यापासून मोजतात. पोर्टलविरुद्धची मुदत गेली असेल त्यांनी हा रस्ता वकिलाशी नक्की बोलून बघावा.

जिथे छापायलाच बंदी आहे

काही बाबतींत बातमी खरी असली तरी ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२खाली, लहान मुलांची ओळख पॉक्सो कायद्याच्या कलम २३खाली आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४खाली संरक्षित आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारीतला मजकूर प्रसिद्ध करायलाही बंदी आहे. हिंदू विवाह कायद्याखालचं घटस्फोटाचं कामकाज बंद दाराआड चालतं आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे निकाल सोडले तर त्याची बातमी छापता येत नाही. नाव न छापता गाव, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय छापला आणि त्यावरून मूल ओळखू आलं, तर तेही उल्लंघनच. अशा प्रकरणात एका वर्षाची घाई असली तरी पहिलं काम दाव्याचं नाही. आधी मजकूर उतरवायचा: पोलिस तक्रार करायची आणि ज्या न्यायालयात प्रकरण चालू आहे तिथेच अर्ज द्यायचा. कठुआ प्रकरणात मुलीची ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. ती रक्कम जम्मू-काश्मीरमधल्या पीडितांच्या भरपाईसाठी देण्यात आली.

प्रकरण अजून चालू असेल आणि साक्षीच्या बातम्यांनी नुकसान होत असेल, तर त्याच न्यायाधीशांकडे प्रसिद्धी थोपवण्याची विनंती करता येते. या अधिकाराचा पाया मुंबईत घातला गेला. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यात एका व्यापारी साक्षीदाराने सांगितलं की, त्याच्या आधीच्या साक्षीच्या बातम्यांनी धंद्याला फटका बसला. न्या. तारकुंडे यांनी त्याची साक्ष छापायची नाही असा तोंडी आदेश दिला. त्याविरुद्ध ‘ब्लिट्झ’चे वार्ताहर नरेश मिरजकर आणि इतर पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९६६मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने न्यायालयाला असा अधिकार असल्याचं मान्य केलं. पुढे २०१२च्या सहारा प्रकरणात प्रसिद्धी काही काळ लांबवण्याच्या आदेशाची चौकट ठरली. हा आदेश सहज मिळत नाही. न्यायदानालाच खरा धोका आहे हे दाखवावं लागतं.

२०२१च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या ‘मीडिया ट्रायल’वर सविस्तर निकाल दिला. तपास चालू असताना आरोपीचा कथित कबुलीजबाब दाखवणं, साक्षीदारांच्या मुलाखती घेऊन त्यांचा खरेपणा पडद्यावर ठरवणं, हे न्यायालयाने चुकीचं मानलं. तुमच्या बातमीत असं काही असेल तर नोटिशीत या निकालाचा उल्लेख जरूर करा. पण न्यायालयाच्या अवमानाच्या वाटेने पैसे मिळत नाहीत, आणि खासगी व्यक्तीला फौजदारी अवमानाची याचिका करायला महाधिवक्त्यांची संमती लागते.

पुरावा आजच

बातमी तुमच्या नोटिशीनंतर गुपचूप बदलली जाईल. त्यामुळे नोटीस पाठवण्याआधी पुरावा पक्का करा. फोनवरचा कापलेला स्क्रीनशॉट पुरत नाही. संगणकावर पूर्ण पान उघडून, पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असं पीडीएफ करा. यूट्यूबचा व्हिडिओ असेल तर थंबनेल, वर्णन, बघणाऱ्यांची संख्या आणि खालच्या प्रतिक्रिया यांसह नोंद ठेवा. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या पानाची प्रत जतन करा. तिसऱ्याच ठिकाणी तारखेसह राहिलेली प्रत उलटतपासणीत उपयोगी पडते.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. जालन्याच्या एका विधानसभा निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचं स्पष्ट केलं. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली त्याचे दोन भाग आहेत. एक उपकरण वापरणाऱ्याने द्यायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. फाइलची हॅश संख्या, म्हणजे तिचा डिजिटल ठसाही त्यात लिहावा लागतो. वर्षभराने हे करायला बसलात तर जुना फोन विकलेला असतो आणि फाइल व्हॉट्सअॅपवरून चार वेळा फिरून आलेली असते.

नुकसानाचा पुरावा हा वेगळा भाग आणि तो बहुतेकांकडे कच्चा असतो. लेखी बदनामीत अब्रूचं नुकसान झालं असं न्यायालय साधारणपणे गृहीत धरतं, पण रक्कम वाढते ती कागदांवर. बातमीची लिंक जोडून कंत्राट रद्द केल्याची ईमेल, नोकरीचा देकार मागे घेतल्याचं पत्र, बातमीच्या आधीची आणि नंतरची जीएसटी विवरणपत्रं, डॉक्टरकडच्या उपचारांची बिलं, हे सगळं ठेवा. स्थळ मोडल्याचं कुणी लिहून देत नाही. तिथे मध्यस्थ साक्ष द्यायला तयार आहे का, ते आताच विचारा. आणि तुम्हाला ओळखणारे दोन-तीन लोक, ज्यांनी बातमी वाचून तुमच्याबद्दलचं मत बदललं, त्यांचीही नावं लिहून ठेवा. हे विचारणं अवघड जातं हे खरं. तरीही विचारा.

नोटीस, तक्रार आणि दावा

पहिलं पत्र संपादकाला आणि पोर्टलच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला द्या. रागाचं नको. कोणतं वाक्य चुकीचं, कोणत्या कागदावरून चुकीचं, आणि तुम्हाला काय हवं, एवढंच लिहा. अनेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण चांगल्या संपादकालाही चूक दुरुस्त करायची असते. फक्त खासगी पक्षाला नोटीस दिल्याने मुदत थांबत नाही. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर वकिलाने दाव्याचा मसुदा हातात घ्यावा.

प्रेस कौन्सिलकडे जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कौन्सिल वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्था यांच्यापुरतंच आहे. दैनिकाविरुद्धची तक्रार दोन महिन्यांत करावी लागते. ते ताकीद देऊ शकतं, नापसंती व्यक्त करू शकतं, भरपाई देऊ शकत नाही. आणि प्रकरण न्यायालयात गेलं की कौन्सिल ते चालवू शकत नाही. म्हणून पैसेच हवे असतील तर कौन्सिलच्या दारात महिने घालवू नका. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३च्या कायद्याबद्दलही गैरसमज आहे. त्यातला दंड सरकारजमा होतो, तुम्हाला मिळत नाही. फौजदारी फिर्यादीत दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, पण तिथेही भरपाई हा मुख्य विषय नसतो. पैशाचा रस्ता दिवाणी न्यायालयातूनच जातो.

दावा कुठे लावायचा, याबाबत कायदा तुमच्या बाजूने आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९प्रमाणे नुकसान जिथे झालं तिथे किंवा प्रतिवादी जिथे राहतो वा धंदा करतो तिथे, तुमच्या मर्जीने दावा लावता येतो. बातमी लातूरमध्ये वाचली गेली आणि तुमची ओळख लातूरमध्ये असेल, तर दिल्लीच्या पोर्टलला लातूरला आणता येतं. मुंबईत १० कोटींपर्यंतचे दावे सिटी सिव्हिल कोर्टात जातात. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर लागते, म्हणून समोरच्याला घाबरवायला भलता आकडा टाकू नका. सिद्ध करता येईल तेवढंच मागा. फी भरण्याची ऐपतच नसेल तर निर्धन वादी म्हणून दावा दाखल करण्याची तरतूद संहितेच्या ऑर्डर ३३मध्ये आहे.

प्रतिवादी कोण, याचाही विचार करा. बातमीदार, संपादक आणि चालवणारी कंपनी, तिघांना घ्या. गूगल, फेसबुक, यूट्यूब यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९चं संरक्षण आहे आणि २०१५च्या श्रेया सिंघल निकालानंतर साधारणपणे न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते मजकूर काढायला बांधील नाहीत. त्यांना पक्षकार करायचं ते आदेश अमलात यावा म्हणून, भरपाईसाठी नव्हे. चालवणारा कोण तेच कळत नसेल, तर अनोळखी प्रतिवादीविरुद्ध दावा लावून प्लॅटफॉर्मला त्याची माहिती द्यायला लावता येते.

दाव्याबरोबर तूर्तातूर्त मनाईचा अर्ज बहुतेक वकील देतात. २०२४च्या मार्चमध्ये ब्लूमबर्ग आणि झी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की, खटला चालण्याआधी लेख उतरवायला लावणारा आदेश अपवादानेच द्यावा. त्यामुळे पहिल्या तारखेला बातमी गायब होईल, या भरवशावर राहू नका. आणि एक कटू गोष्ट वयस्कर वाचकांसाठी: निकालाआधी वादीचा मृत्यू झाला तर अब्रूनुकसानीचा दावा तिथेच संपतो, वारसांना पुढे चालवता येत नाही. आरोग्य ठीक नसेल तर साक्ष लवकर नोंदवण्याचा अर्ज करा.

बातमी खरी असेल तेव्हा

ज्यांच्या अटकेची बातमी अचूक होती आणि जे पुढे निर्दोष सुटले, त्यांची व्यथा मला सगळ्यात जास्त छळते, कारण त्यांच्या हातात भरपाईचा दावा जवळजवळ नसतो. त्यांच्यासाठी उपाय नाव पुसण्याचा आहे. अमली पदार्थांच्या खटल्यातून सुटलेल्या भारतीय वंशाच्या एका अमेरिकन नागरिकाला अमेरिकेत नोकरी मिळेना, कारण शोधताना निकालपत्रच वर यायचं. २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते निकालपत्र शोधात दिसू नये असा अंतरिम आदेश दिला. उलट, असंच नाव वगळायला सांगणाऱ्या मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२४च्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगिती दिली. विस्मरणाचा हक्क आपल्याकडे अजून ठरायचा आहे. म्हणून न्यायालयात जाण्याआधी पोर्टलकडे निकालाची प्रमाणित नक्कल पाठवा आणि जुन्या बातमीतच, मथळ्याखाली, ‘या प्रकरणात संबंधित व्यक्ती निर्दोष सुटली’ अशी ओळ तारखेसह घालायला सांगा. बातमी काढा म्हटलं की संपादक बिचकतात. अद्ययावत करा म्हटलं की नकार देणं त्यांनाही जड जातं.

नोटिशीनंतर किंवा दावा चालू असताना तडजोड झाली, तर करारात ‘बातमी काढण्यात येईल’ एवढं मोघम वाक्य घेऊ नका. प्रत्येक पानाचा पूर्ण पत्ता लिहा: मराठी, हिंदी आणि इंग्रजी आवृत्तीचा, मोबाइलसाठीच्या वेगळ्या पानाचा, यूट्यूबच्या व्हिडिओचा, फेसबुक आणि एक्सवरच्या पोस्टचा. दुरुस्ती किती दिवसांत, कोणत्या शब्दांत आणि किती काळ वर राहील ते लिहा. रक्कम आणि ती देण्याची तारीख लिहा. दावा चालू असेल तर तडजोड न्यायालयात नोंदवून हुकूमनाम्यातच घ्या, म्हणजे पाळली गेली नाही तर नवा दावा न लावता थेट अंमलबजावणीला जाता येतं. मजकूर उतरल्यावरही गूगलच्या शोधात जुना मथळा आणि दोन ओळी काही काळ दिसत राहतात. त्यासाठी गूगलचंच जुना मजकूर ताजा करण्याचं पान आहे, तिथे प्रत्येक पत्ता टाकून स्वतः अर्ज करा.